सूत गुंडाळलेली पऱ्हाटी

कार्तिक संपत आला की वर्ध्याहून सेलूकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या त्यांना घासून जातात आणि प्रत्येक गाडीमागे काट्यांत थोडा थोडा कापूस अडकून राहतो. सकाळच्या दवात तो जड होऊन लोंबतो, दुपारच्या उन्हात पुन्हा फुलतो. एसटीतल्या लोकांचं त्याकडे लक्षही जात नाही. माझं जातं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडते. बायको म्हणते, तुम्हाला कापसाच्या धुळीची बाधा होते, एवढी वर्षं गिरणीच्या नोकरीत काढलीत त्याचं हे दुखणं. ती मला आल्याचा काढा करून देते आणि मी तो मुकाट्याने पितो. खरं कारण मी तिला अजून सांगितलेलं नाही.

माझं नागपूरच्या शेतकी कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं तेव्हाचा तो हंगाम. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी होतं. ठिकठिकाणी विकासखंड नव्याने उघडत होते आणि शेतकीची पदवी घेतलेल्या मुलाला सरकार जीप देतं असं खेड्यापाड्यांत बोललं जाई. वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर आम्ही ओट्यावर बसायचो तेव्हा सगळ्यांच्या बोलण्यात ही जीप यायची. माझा खोलीतला सोबती वसंता पुलगावचा होता. त्याने तर त्या जीपच्या मागच्या सीटवर कुणाला बसवायचं हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

मला जीप नको होती. मला सिलेक्टर व्हायचं होतं. कापड गिरण्या अशी माणसं नोकरीला ठेवतात. ती बाजारोबाजार हिंडतात, कापूस हाताने पारखतात आणि कुठला घ्यायचा, कुठला नाही, ते ठरवतात. लहानपणी वडिलांबरोबर वर्ध्याच्या कापूस बाजारात गेलो असताना मी एक सिलेक्टर पाहिला होता. काळा कोट, पांढरं धोतर, पायात वहाणा. त्याने गाडीतून चिमूटभर कापूस उचलला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, तुकडे एकावर एक जुळवून पुन्हा ओढला, आणि शेवटी हातात राहिलेला तंतूंचा बारीक पट्टा कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवून त्याची लांबी बघितली. मग तो एकच शब्द बोलला. त्या शब्दापुढे गाडीवाला गप्प, अडत्या गप्प. मला त्या वेळी कापसापेक्षा ती गप्प झालेली माणसं जास्त आवडली होती. हे आता कळतं. तेव्हा मला वाटायचं की मला कापसाची आवड आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे गेलो. मामाचं गाव सेलूच्या पुढे, बोर नदीच्या अंगाला. आमच्या भागात भाच्याला फार मान. मामा-मामी वयाने कितीही मोठे असोत, भाचा दारात आला की वाकून त्याच्या पाया पडतात. कॉलेजात गेल्यापासून मला याचा संकोच वाटे, मी पाय मागे घेई, आणि मामी माझा घोटा धरून म्हणे, "उभा राय ना सीधा. पुन्य तुले नाई भेटत, मले भेटते."

त्या वेळी पहिल्या वेचणीआधीचं सीतादही होतं. वेचणीला हात लावण्यापूर्वी बायका शेतात जातात, शेताच्या कडेला, धुऱ्याच्या बांधाजवळ सात खडे मांडून त्यांना कुंकू लावतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, सूत गुंडाळतात. हवेत थंडी असते पण ऊन पाठीला लागतं. तुरीच्या फुलांचा वास येत असतो. फुटलेल्या बोंडांनी वावर असं दिसतं की डोळे बारीक करावे लागतात. पूजा झाली, बायका भात वाटून खाऊ लागल्या, आणि मामी मात्र सुताची गुंडी घेऊन एकटीच वावरात फिरत राहिली. एखाद्या झाडापाशी थांबायची, खालून वरपर्यंत बघायची, बोंडं हातात घेऊन सोडून द्यायची. वीस-पंचवीस झाडांत एखाद्याला सूत बांधायची.

मी मागे मागे गेलो. "हे काऊन बांधून राह्यली, मामी? पूजा तर झाली."

"पूजा देवीची झाली. हे माह्यं हाय."

मग तिने सांगितलं. सात सालांपूर्वी पाऊस गणपतीतच गेला होता. सगळं वावर लाल होऊन वाळलं, पण चुनखडीच्या पट्ट्यात, जिथे गवतही धड येत नाही, तिथे तीन झाडं हिरवी उभी होती. तिने त्या तीन झाडांचा कापूस वेगळा वेचला आणि हाताने सरकी काढून वेगळी ठेवली. पुढच्या साली तीच सरकी त्याच पट्ट्यात लावली. त्यातली चांगली झाडं निवडली, सीतादहीच्या दिवशी त्यांना सूत बांधलं, म्हणजे वेचणाऱ्या बायका त्यांना हात लावणार नाहीत. देवीचं सूत असलेल्या झाडाला कोण हात लावणार? असं सात सालं चाललं होतं.

मामा बैलगाडीला टेकून ऐकत होता. "लय मोठी शेतकी हाय तुह्या मामीची," तो म्हणाला. "घरात दोन डबे. एक साखरेचा, एक सरकीचा. एक डाव चहात सरकीच टाकली इनं."

"खोटं बोलते तुहा मामा," मामी म्हणाली. "घरात साखर व्हतीच कवा?"

मी हसलो नाही.  दोनच महिन्यांपूर्वी आमच्या कापसाच्या प्राध्यापकांनी फळ्यावर नेमकं हेच काढून दाखवलं होतं: चांगलं झाड निवडा, त्याचं बी वेगळं वाढवा, पुन्हा निवडा. मी मामीला तिथेच सांगितलं की कॉलेजात हे पुस्तकातून शिकवतात. ती आधी खोटं समजली. मग तिचा चेहरा लाजल्यासारखा झाला.  रात्री भाकरी थापता थापता तिने विचारलं, "तुह्ये मास्तर पायतील काय माह्यं बी?"

"पाहतील की. धाग्याची लांबी मोजतील, रुई किती निघते ते पाहतील, त्यांच्या वावरात लावून बघतील."

वेचणी सुरू झाल्यावर मी पुन्हा एका रविवारी गेलो तेव्हा तिने जुन्या लुगड्याची थैली शिवून ठेवली होती. उशीएवढी. आत सूत बांधलेल्या झाडांचा कापूस, सरकीसकट. "अर्धं तुह्यापाशी, अर्धं माह्यापाशी," ती म्हणाली. "चांगलं असन तं मिरगाच्या पह्यले सांगजो. नाल्याकाठचं पुरं वावर मी तेच पेरीन. गावातल्या तीन बायाइनं मागतलं हाय, त्याइलेही देईन. नसन चांगलं, तं तसं सांगजो. मले वाईट नाई वाटत. पन खरं सांगजो, बापू. मले काय समजते?"

वसतिगृहात परतल्यावर थैली मी खाटेखाली ठेवली. मला तिचा वास अजून आठवतो. ताज्या कापसाला एक कोवळा, उन्हाचा आणि मातीचा वास असतो, आणि त्यात लुगड्याचा चुलीच्या धुराचा वास मिसळला होता. पहिल्या आठवड्यात मी ठरवून टाळलं असं काही झालं नाही. फक्त उद्या जाऊ, उद्या जाऊ असं होत गेलं. मग एका दुपारी खरंच थैली घेऊन प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेलो. आत प्राध्यापक दोन मुलांशी बोलत होते. कुणा शेतकऱ्याने पाठवलेला नमुना टेबलावर होता. ते हसत म्हणाले, "प्रत्येक गावात एक तरी चमत्कारी झाड असतंच." ते काही वाईट माणूस नव्हते. तो नमुना ते नंतर नीट तपासणारही होते, मी थांबलो असतो तर ते मला दिसलं असतं. पण माझ्या हातात लुगड्याची थैली होती. तिच्यावर किनारीचा तुकडा होता, हिरवा. त्या दोघांपैकी एक मुलगा नागपूरच्या वकिलाचा होता. मी दारातूनच परत फिरलो.

पौषात मला एका गिरणीचं पत्र आलं. शिकाऊ सिलेक्टर म्हणून दोन मुलं घ्यायची होती, आणि हाताने तंतू ओढून दाखवण्याची चाचणी होती. मला सराव हवा होता. सरावाला कापूस हवा होता. तो खाटेखाली होता.

पहिल्या दिवशी चिमूटभर घेतला. दुसऱ्या दिवशी मूठभर. अंगठ्यांत धरायचा, ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा, काळ्या पँटवर ठेवायचा, फुंकर मारून उडवून द्यायचा. खोलीभर रुई उडे. सरकी मी खिडकीबाहेर टाकत गेलो, खाली खारी वाटच बघत असायच्या. वसंता अभ्यास करता करता शिंकायचा. एकदा वही मिटून तो म्हणाला, "काबे, मामीची थैली तू पुरी उडवून टाकशील. मग मामीले काय सांगशील?"

"थोडा ठेवतो ना तपासायला."

"ठेव बाबा. नाई तं मामी माह्यावर आळ घेईल, का वसंतानं गादी भरली."

मी ठेवला नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी थैली रिकामी झाली. तिला झटकून मी तिच्यात बूट गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवले. चाचणीत मला तीन नमुने दिले, मी ते तंतूच्या लांबीप्रमाणे बरोबर लावले. चैत्रात परीक्षा झाली. उन्हाने वसतिगृहाच्या भिंती रात्रीही गरम असत, आम्ही चादरी ओल्या करून अंगावर घेत असू, आणि पुस्तकात 'बीज निवड' हे प्रकरण आलं की मी पानं उलटून पुढे जात असे. त्या विषयात मला पहिला वर्ग मिळाला.

ज्येष्ठात पेढे घेऊन मामाकडे गेलो. खिशात नेमणुकीचं पत्र होतं. मामाने ते चारजणांना वाचायला लावलं, त्यातल्या दोघांना वाचता येत नव्हतं. अंगणात खाटा टाकल्या होत्या. सगळी माणसं उठून गेल्यावर मामी हात पुसत आली, बसली, आणि जरा वेळ पदराशी चाळा करून म्हणाली, "त्याचं काय झालं रे?"

मी विसरलो होतो असं म्हणता आलं असतं. उंदरांनी खाल्लं म्हणता आलं असतं. अजून अर्धं तिच्याकडे होतं, पावसाला पंधरा-वीस दिवस होते, दुसऱ्या दिवशी गाडीत बसून नागपूरला नेता आलं असतं. प्राध्यापकांनी निदान लावून बघायला घेतलं असतं. पण नेमणुकीचं पत्र अंगणात नुकतंच फिरून आलं होतं, आणि त्या पत्राच्या माणसाला "विसरलो" हा शब्द शोभेना.

"तपासलं," मी म्हणालो. "साधारण आहे म्हणाले."

"साधारण म्हंजे?"

"म्हणजे रुईचा उतारा कमी आहे, मामी. तंतूही आखूड. सरकारी बी त्याच्याहून बरं." पुस्तकातले शब्द तोंडात आपोआप आले. खोटं बोलताना माझी भाषा इतकी नीट कधी झाली नव्हती.

ती वाद घालेल, निदान विचारेल, असं मला वाटलं होतं. भाच्याचा शब्द होता, आणि भाचा शिकलेला होता. तिने मान हलवली. "बरं झालं इचारलं," ती म्हणाली. "उगाच पुरं वावर गुंतवून बसली असती मी."

सकाळी मी तोंड धुऊन आलो तेव्हा गोठ्यासमोर घमेलं होतं आणि त्यात रात्रभर भिजवलेली सरकी. सात सालांची. मामीने ती म्हशीपुढे सरकवली. म्हैस चावत होती, तिच्या तोंडाच्या कडेने पांढरं पाणी गळत होतं. मी पाहत उभा राहिलो. त्या क्षणीही ओरडता आलं असतं, घमेल्यातली मूठभर तरी वाळवून वाचली असती. मामा दातण चावत म्हणाला, "चला, कालेजानं आमच्या म्हशीचं तरी भलं केलं."

निघताना मामी नेहमीसारखी वाकली आणि तिने दोन्ही हात माझ्या पायांवर ठेवले. त्या दिवशी मी पाय मागे घेतले नाहीत. घेतले असते तर तिने नेहमीसारखा घोटा धरून माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं.

त्यानंतर पंचवीसहून अधिक हंगाम मी कापूस पारखला. वर्धा, हिंगणघाट, यवतमाळ, अमरावती. माझ्या एका शब्दाने गाड्या रिकाम्या झाल्या आणि माझ्या एका शब्दाने परत गेल्या. माणूस सरळ आहे असं माझ्याबद्दल बाजारात बोलत, आणि ते खोटंही नव्हतं. मी कुणाच्या कापसाला कधी वाकडा शब्द लावला नाही. त्या एका गोष्टीची भरपाई म्हणून मी सरळ राहिलो की काय, हे मला ठरवता येत नाही. आज डोळे मिटून बोटांत कापूस दिला तर तो कुठल्या जातीचा आणि कितव्या वेचणीचा हे मी सांगू शकतो. मामीचा कापूस मी शेकडो वेळा ओढला होता. तो कसा होता ते मात्र मला आठवत नाही. मी त्याच्याकडे पाहतच नव्हतो. मी माझ्या हातांकडे पाहत होतो, ते सफाईने चालतात की नाही एवढंच.

कधी कधी वाटतं, कदाचित तो खरंच साधारण असेल. लोक निवडतात ती बहुतेक झाडं साधारणच निघतात, हे मी नोकरीत पाहिलं आहे. असं वाटून घेतलं की दोन-चार दिवस बरे जातात. मग कुठल्या तरी वर्षी पाऊस लवकर जातो.

गेल्या वर्षी तसंच झालं. पावसाने गणपतीत पाठ फिरवली ती फिरवलीच. कार्तिकात मी मामीला भेटायला गेलो. मामा जाऊन चार वर्षं झाली आहेत. मामी सत्तरीला आली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण वावरापर्यंत काठीने जाते. आम्ही धुऱ्यावर उभे होतो. पऱ्हाटी गुडघ्याएवढीच राहिली होती, बोंडं फुटण्याऐवजी करपून मिटली होती. सगळीकडे लालसर, कोरडं. मामी एकदम हसली.

"मी बी कशी येडी व्हती पाय," ती म्हणाली. "तुले याद हाय? मले वाटे माह्यं बी असल्याच सालात टिकते. बरं झालं तू सांगतलं. बायाइले वाटून बसली असती तं गावानं शिव्या देल्या असत्या मले."

मी तिथेच, वाळलेल्या झाडांसमोर, सगळं सांगितलं. प्रयोगशाळेचं दार, लुगड्याची थैली, सराव, खारी. वाक्यं मनात इतकी वर्षं तयार होती की सांगायला फार वेळ लागला नाही. ती काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती.  आम्ही तसेच घरी आलो. तिच्या सुनेने चहा दिला. चहा अर्धा झाल्यावर तिने विचारलं, "मंग ते चांगलं व्हतं का?"

"माहीत नाही, मामी."

"तुह्या हातून तं गेलं ना पुरं. तुले काई तं समजलं असन."

"तेव्हा नव्हतं समजत. आता समजलं असतं."

"मंग आता कोनाले समजन?"

"कोणालाच नाही."

 मला वाटलं होतं ती रडेल, किंवा रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल. या तिन्हींची मी तयारी केली होती.

"इतके साल मले वाटे, वाईट व्हतं, गेलं," ती म्हणाली. "मी कवा त्याचा इचार केला नाई. आता रोज वाटन का चांगलं व्हतं. मले हे काऊन सांगतलं, बापू? तुह्यानं राह्यवलं नाई म्हनून?"

मी हो म्हणालो. ते तरी खरं होतं.

तिने दोन्ही कप उचलले, मोरीत ठेवून आली आणि पुन्हा माझ्यासमोर बसली. मग तिने माझ्या मुलांची चौकशी केली. मोठा कुठे आहे, धाकट्याची परीक्षा कधी, माझ्या सुनेला दिवस गेले आहेत म्हणतात ते खरं का. मी एकेक सांगत गेलो. ती प्रत्येक उत्तराला मान हलवत होती, आणि पूर्वीसारखंच सगळं खरं मानत होती.